अस्सलबरहुकूम

यंदाच्या अंकासाठी ‘हरवत चाललेले आवाज’ हा विषय संपादकांनी कळविला, तेव्हा जात्यावरच्या ओवीविषयी, वासुदेवाच्या टाळांविषयी आणि कृष्णेच्या घाटावरील पहाटेच्या स्तोत्रांविषयी अधिकाराने लिहिणारे लेखक महाराष्ट्रात पुष्कळ आहेत हे ध्यानात घेऊन, ज्याची गणना आवाजांत करावी असे सहसा कोणाला वाटत नाही अशा एका आवाजाच्या शोधात मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा टापू हिंडून आलो. १९८० नंतरच्या दशकात ज्या थोड्या घरांत आणि शाळांत संगणक नावाचे यंत्र येऊन पोहोचले, तेथे त्याच्या शेजारी गाण्यांसाठी घेतलेला एक साधा टेपरेकॉर्डर ठेवलेला असे. त्याचे बटण दाबले की प्रथम एक दीर्घ, स्थिर सूर निघे, मग क्षणभर खरखर, पुन्हा तोच सूर, आणि त्यानंतर चार-पाच मिनिटे अखंड चालणारा तीव्र, कर्णकटू गोंगाट. वडील माणसे दुसऱ्या खोलीत निघून जात. मुले मात्र तो गोंगाट जिवाचा कान करून ऐकत, कारण त्या गोंगाटातूनच त्यांचा प्रोग्रॅम यंत्रात उतरत असे.

त्या यंत्रांपैकी बहुतेक आज निकामी झाली आहेत. तथापि आजच्या साध्या लॅपटॉपवर चालणारा एक प्रोग्रॅम त्या जुन्या यंत्राचे वर्तन इतके तंतोतंत उभे करतो, की त्या काळी लिहिलेला प्रोग्रॅम आपण परक्या यंत्रात आलो आहोत हे ओळखू शकत नाही. या प्रोग्रॅमला इम्युलेटर म्हणतात. त्याच्यामुळे काय वाचले आहे आणि काय अद्याप वाचावयाचे राहिले आहे, हा या लेखाचा विषय.

सदर बझारातील बीबीसी

साताऱ्यात सदर बझारात राहणारे एक निवृत्त विज्ञानशिक्षक आपल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतात, तेव्हा पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र अक्षरांत तीनच गोष्टी दिसतात: ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’ ही ओळ, तिच्याखाली ‘बेसिक’ हा शब्द, आणि त्याखाली आज्ञेची वाट पाहणारे बाणाचे छोटे चिन्ह. हे उमटण्यापूर्वी एक खालचा लांब स्वर आणि त्याला लागून वरचा आखूड स्वर ऐकू येतो. सर म्हणाले, “हा आवाज आला की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मला कधी ‘शांत बसा’ म्हणावं लागलं नाही.”

बीबीसी मायक्रो हे यंत्र केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ब्रिटिश नभोवाणीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी तयार केले आणि १ डिसेंबर १९८१ रोजी ते बाजारात आले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याचे प्रमुख रचनाकार. प्रोसेसर ६५०२ जातीचा, वेग सेकंदाला वीस लक्ष ठोके, आणि ‘बी’ नमुन्याची स्मृती ३२ किलोबाइट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने आणि शिक्षण मंत्रालयाने एनसीईआरटीच्या साहाय्याने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ नावाची प्रायोगिक योजना सुरू केली, तेव्हा हेच यंत्र निवडण्यात आले. प्रारंभी देशातील अडीचशे शाळांत ते पोहोचले आणि पुढील वर्षांत योजनेचा विस्तार होत गेला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केली. शिक्षकांना प्रशिक्षणकेंद्रांतून थोड्या मुदतीचे शिक्षण देऊन परत पाठविले जाई, आणि मग शाळेतील एका कुलूपबंद खोलीचा सर्व कारभार, धुळीपासून विजेपर्यंतच्या बंदोबस्तासह, त्या एका शिक्षकाच्या शिरावर येई.

सरांनी त्या खोलीचे जे वर्णन केले, त्यात वैताग फारसा नव्हता. वर्गात मुले पुष्कळ आणि यंत्रे मोजकी, म्हणून मुलांनी प्रोग्रॅम आधी वहीत लिहावयाचा, सरांनी तो तपासावयाचा, आणि मगच कळफलकापाशी बसण्याची पाळी मिळावयाची असा शिरस्ता त्यांनी घालून दिला होता. वीज गेली की स्मृतीतील सर्व मजकूर नाहीसा होई, तेव्हा वहीतील प्रतच कामी येई. मुलाने चुकीची आज्ञा दिली तर हे यंत्र ‘मिस्टेक’ एवढाच एक शब्द छापत असे. शिक्षकाच्या रागाची सवय असलेल्या मुलांना यंत्राचा हा अलिप्त, निर्विकार निवाडा फार आवडे, असे सरांचे निरीक्षण आहे. आणि त्या खोलीतून पुढे अभियंते झालेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी सांगितलेली उदाहरणे ऐकल्यावर मलाही ते निरीक्षण ग्राह्य वाटते.

इम्युलेटरवर त्यांनी मला ज्यावक्राचा एक प्रोग्रॅम करून दाखविला. चित्रासाठी अधिक रंग हवे असतील तर पडद्यासाठीच २० किलोबाइट स्मृती राखून ठेवावी लागते आणि यंत्राच्या स्वतःच्या कामाची जागा वजा जाता प्रोग्रॅमला जेमतेम साडेआठ किलोबाइट उरतात, हे ते बोटांनी टंकलेखन करीत असतानाच सांगत होते. आठ रंगांत आलेख काढावा की त्याला लांब शीर्षक द्यावे, हा निर्णय तेराव्या वर्षी घ्यावा लागलेल्या मुलाला स्मृती ही मोजून वापरावयाची वस्तू आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. आजच्या लॅपटॉपवरही तो निर्णय टळत नाही. त्यात स्मृतीचा महासागर असला, तरी इम्युलेटर त्यातील ३२ किलोबाइटच जुन्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करतो.

एक गोष्ट मात्र हाताला खटकते. जुन्या कळफलकावर अवतरणचिन्ह दोनच्या कळीवर होते, आजच्या कळफलकावर ते अन्यत्र आहे. म्हणून इम्युलेटरमध्ये दोन सोयी ठेवलेल्या असतात: कळीच्या जागेप्रमाणे चालावयाचे, की कळीवरील चिन्हाप्रमाणे. सर जागेप्रमाणे चालतात. त्यांच्या बोटांना जुनी जागा आजही पाठ आहे. त्यांची नात मात्र चिन्हाप्रमाणे चालते, आणि तिच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

सूत्रधार आणि पात्रे

इम्युलेटर करतो काय, हे सांगलीच्या वाचकाला सांगणे त्यातल्या त्यात सोपे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या प्रकारच्या नाटकांत आख्यानाची सर्व पदे सूत्रधार म्हणे आणि त्याच्या पदाच्या अनुरोधाने राम, सीता, रावण ही पात्रे आपापली कामे करीत. जुन्या संगणकात प्रोसेसर हा असा सूत्रधार असून पडदा रंगविणारी चिप, ध्वनी काढणारी चिप, कळफलक आणि टेप ही त्याच्या तालावर चालणारी पात्रे होत. इम्युलेटर हा सारा संच एकट्याने उभा करतो. तो जुन्या प्रोग्रॅममधील एकेक आज्ञा वाचतो, त्या आज्ञेने मूळ यंत्रात जे झाले असते ते आपल्या स्मृतीत करतो, त्याला मूळ यंत्रात किती ठोके लागले असते ते जमेस धरतो, आणि तेवढ्या ठोक्यांत इतर पात्रांनी काय केले असते तेही पूर्ण करून पुढच्या आज्ञेकडे वळतो.

येथे वेगाचा प्रश्न लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. आजचा प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी ठोके देतो, म्हणजे बीबीसीच्या दीड हजार पट. तेव्हा इम्युलेटरचा बराचसा वेळ थांबण्यात जातो. दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीनुसार पडद्यावरील चित्र सेकंदाला पन्नास वेळा नवे होत असे. इम्युलेटर एका चित्राएवढे काम क्षणार्धात उरकतो आणि सेकंदाचा पन्नासावा भाग पुरा होईपर्यंत स्वस्थ बसतो. त्याने तसे केले नाही, तर खेळातील चेंडू दिसण्यापूर्वीच पडद्याबाहेर जाईल. आजचे पडदे बहुधा सेकंदाला साठ वेळा नवे होतात. पन्नास आणि साठ यांचा मेळ बसत नाही, म्हणून सरकत्या चित्राला अधूनमधून बारीकसा धक्का बसतो. ज्याने मूळ यंत्र वापरले आहे, त्यालाच तो जाणवतो.

पण नक्कल खरी कसास लागते ती दोषांच्या ठिकाणी. ६५०२ या प्रोसेसरच्या आज्ञांना २५६ सांकेतिक अंक उपलब्ध आहेत आणि उत्पादकाच्या पुस्तकात त्यांपैकी १५१ चेच अर्थ दिलेले आहेत. उरलेल्या अंकांचे परिणाम पुस्तकात नसले तरी यंत्रात होतातच, आणि काही प्रोग्रॅमकारांनी ते हुडकून काढून कामास लावले. स्पेक्ट्रम या दुसऱ्या यंत्रात पडद्याची चिप आणि प्रोसेसर यांना स्मृतीचा पहिला १६ किलोबाइटचा भाग सामाईक होता; चित्र काढणे चालू असता प्रोसेसरने तेथे हात घातला की चिप त्याला काही ठोके अडवून धरी. बीबीसीच्या रचनाकारांनी दुप्पट वेगाची स्मृती वापरून हा तंटा उद्भवूच दिला नव्हता. स्पेक्ट्रममधील ही अडवणूक म्हणजे यंत्राचे व्यंग. परंतु कित्येक प्रोग्रॅमांची लय त्या व्यंगावर बेतलेली असल्यामुळे इम्युलेटरला एका चित्रातील ६९,८८८ ठोक्यांपैकी नेमक्या कोणत्या ठोक्याला किती अडवणूक होत असे, याचाही चोख हिशेब ठेवावा लागतो. जुन्या दप्तरातील कागदाची ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ देणारा कारकून मूळ लेखातील चूक दुरुस्त करीत नसे, कारण त्याने ती दुरुस्त केली असती तर ती नक्कल राहिली नसती. हा नियम इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी जितक्या निष्ठेने पाळला आहे, तितका फार थोड्या संपादकांनी पाळला असेल.

आणखी एक गोष्ट जाता जाता. विल्सन आणि फर्बर यांनीच पुढे एआरएम हा प्रोसेसर आखला. १९८५ मध्ये त्याची पहिली चाचणी झाली ती बीबीसी मायक्रोला जोडून. आज आपल्या खिशातील मोबाइल त्याच घराण्यातील प्रोसेसरवर चालतो. तेव्हा सरांची नात मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बीबीसीचा इम्युलेटर उघडते, त्या वेळी नातवंडाने आजोबांची भूमिका वठवावी तसे काहीसे घडत असते.

पुण्याहून आलेले यंत्र

शाळेत बीबीसी, तर घरात स्पेक्ट्रम. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी हे यंत्र आणले. ४८ किलोबाइटचा नमुना १७५ पौंडांना मिळे, आणि त्या वेळी बीबीसीच्या मानाने ही किंमत बरीच कमी होती. विलायतेहून नातेवाइकाने आणलेला स्पेक्ट्रम इकडे जोडताना एक विघ्न येई: त्याचा संदेश यूएचएफ पट्ट्यातील छत्तिसाव्या वाहिनीवर निघे, आणि दूरदर्शनचे प्रक्षेपण व्हीएचएफवर असल्यामुळे आपल्याकडील अनेक संचांना तो पट्टा लागतच नसे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ च्या सुमारास परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हे यंत्र आणले आणि पश्चिम महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराला घरगुती संगणक आवाक्यात आल्यासारखा वाटू लागला.

सांगलीत विश्रामबागेत मला भेटलेल्या एका निवृत्त अध्यापिकेच्या माहेरी असे एक यंत्र होते. वडील हळदीचे अडत्ये. मुलाने अभियांत्रिकीकडे जावे म्हणून त्यांनी ते पुण्याहून आणले. यंत्र बहिणीनेही भावाइतकेच वापरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या घरात गेले, तेव्हा गावभागातील त्यांच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर ते यंत्र आणि कॅसेटींचा डबा हे दोन्ही गाळात गेले. यंत्र गेले ते गेलेच. कॅसेटी मात्र बाईंनी टाकून दिल्या नाहीत.

गाळातील कॅसेट

या कॅसेटी वाचविण्याचे काम ज्यांच्याकडे चालते, ते गृहस्थ हयातभर टेपरेकॉर्डर आणि लाउडस्पीकर दुरुस्त करीत आले आहेत. बाई त्यांना काका म्हणतात, ते बाईंना ताई. संगणक काकांना येत नाही आणि त्याची त्यांना गरजही नाही. फीत ही फीत असते. तिच्यावर आशाबाईंचे गाणे आहे की आकड्यांची किंकाळी, हा प्रश्न तिच्या मागाहून येतो, असे ते म्हणतात. पाण्यात बुडालेल्या फितीवरील चुंबकीय ठसा पाण्याने सहसा पुसला जात नाही. नाश करतो तो गाळ आणि नंतर धरणारी बुरशी. म्हणून काका कॅसेटीचे स्क्रू काढून फितीची दोन्ही गुंडाळी बाहेर काढतात, ऊर्ध्वपातित पाण्यात हळूहळू धुतात, पंख्याखाली सावलीत दिवसचे दिवस वाळू देतात, आणि मग ती नव्या, कोऱ्या कॅसेटीच्या आवरणात बसवितात. ज्या कॅसेटींची आवरणे स्क्रूऐवजी सांधा वितळवून जोडलेली असतात, ती पातळ पात्याने कापून उघडावी लागतात. त्या कामी काकांचा हात ज्या सावकाशीने चालतो, ती सावकाशी मी शल्यविशारदांतही क्वचित पाहिली आहे.

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक. टेपरेकॉर्डरमधील ज्या हेडवरून फीत सरकते, ते हेड फितीशी अचूक काटकोनात असावे असा नियम. परंतु १९८८ साली सांगलीच्या त्या घरातील टेपरेकॉर्डरचे हेड किंचित तिरपे असेल, तर त्यावर केलेली नोंदही तितकीच तिरपी झालेली असणार. आज ती वाचावयाची तर आजचे हेडही तितकेच तिरपे करावयास हवे. काका लहान स्क्रूड्रायव्हर घेऊन फीत चालू असतानाच हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवितात आणि प्रारंभीचा तो दीर्घ सूर जेथे सर्वांत स्वच्छ, धारदार लागतो तेथे थांबतात. ज्या गोंगाटाला घरोघरी कंटाळून दारे लावली गेली, तो एक माणूस डोळे मिटून, तंबोरा जुळवावा तसा लक्षपूर्वक ऐकतो आहे, हे दृश्य पाहण्यासाठी सांगलीला अवश्य जावे.

मग बाईंचे काम सुरू होते. टेपरेकॉर्डरचा ध्वनी तारेने लॅपटॉपमध्ये जातो आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने नोंदला जातो. स्पेक्ट्रमच्या भाषेत ‘शून्य’ म्हणजे सुमारे अर्ध्या सहस्रांश सेकंदाची एक ध्वनिलहर, आणि ‘एक’ म्हणजे तिच्या दुप्पट लांबीची लहर. म्हणजे नोंदीत शून्याला सुमारे एकवीस नमुने पडतात आणि एकाला त्रेचाळीस. या लांबीवरून शून्य-एक ओळखणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. ते ध्वनीची फाइल वाचून तिची कॅसेटसदृश छोटी फाइल तयार करतात, आणि तीच इम्युलेटरमध्ये ‘टेप’ म्हणून घालावयाची. पुढचा विधी मूळ यंत्राप्रमाणेच: ‘जे’ची कळ एकदा दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो, कारण स्पेक्ट्रममध्ये एका कळीला एक आज्ञा अशी व्यवस्था होती, त्यापुढे दोन अवतरणचिन्हे, आणि एंटर. पडद्याच्या कडांवर प्रथम तांबडे-आकाशी रुंद पट्टे धावतात, मग निळे-पिवळे बारीक पट्टे, आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून तो आवाज, चार दशकांपूर्वीचा, जसाच्या तसा. घाई असलेल्याला हा सारा प्रकार क्षणात उरकण्याची सोयही इम्युलेटरमध्ये आहे. बाई ती वापरत नाहीत.

प्रत्येक खंडाच्या शेवटी यंत्राने रुजुवातीसाठी एक अंक लिहून ठेवलेला असतो. आधीच्या सर्व अंकांचा मेळ त्याच्याशी बसला नाही, तर ‘टेप लोडिंग एरर’ असा शेरा येतो आणि संपूर्ण खंड फेटाळला जातो. या बाबतीत बीबीसी अधिक उदार होते: ते मजकुराचे २५६ बाइटांचे लहान तुकडे करून नोंदवी, त्यामुळे एखादा तुकडा बिघडला तर फीत थोडी मागे घेऊन तेवढाच पुन्हा वाचता येई. स्पेक्ट्रमच्या कॅसेटीत एका बिंदूएवढा डाग साऱ्या प्रोग्रॅमला अपात्र ठरवितो. तेव्हा बाई तीच फीत पुनःपुन्हा वाचतात, निरनिराळ्या वाचनांतील पाठ शेजारी ठेवतात, आणि जेथे कोणतेच वाचन विश्वसनीय नाही तेथे बेसिक भाषेच्या व्याकरणावरून तर्काने अक्षर भरतात. असा भरलेला पाठ त्या वेगळ्या फाइलीत ठेवतात, मूळ ध्वनीला हात लावीत नाहीत, आणि कोणत्या ओळीतील कोणते अक्षर आपले आहे याची नोंद सोबत ठेवतात. हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. पोथीच्या पाठभेदांवर काम करणाऱ्या पंडितालाही याहून वेगळे काही करावे लागत नाही.

चौसष्ट घरांतील पावती

त्या डब्यातून जे प्रोग्रॅम हाती आले, त्यांतील बहुतेक खेळ होते आणि ते जगात इतरत्र सुरक्षित आहेत. एक मात्र भावाने लिहिलेला: हळदीच्या पोत्यांचे वजन आणि दर दिला की हमाली, तोलाई आणि अडत वजा करून शेतकऱ्याला द्यावयाची रक्कम पडद्यावर मांडणारा. गणित साधेच आहे. परंतु वडिलांना इंग्रजी अक्षरांतील कागद चालणार नव्हता, म्हणून मुलाने माथ्यावर ‘पावती’ हा शब्द देवनागरीत काढला, आणि तो ज्या रीतीने काढला ती रीत मी इम्युलेटरमध्ये त्या यंत्राची स्मृती उघडून पाहिली तेव्हा मला या साऱ्या उद्योगाचे मोल खऱ्या अर्थाने कळले.

स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक अक्षर आठ आडव्या आणि आठ उभ्या, अशा चौसष्ट ठिपक्यांच्या घरात बसवावे लागते. वापरणाऱ्याला स्वतःच्या आकृत्यांसाठी अशी एकवीसच घरे मोकळी ठेवली होती. स्मृतीच्या अगदी शेवटी, ६५,३६८ या पत्त्यापासून पुढे, १६८ बाइट. एका ओळीतील आठ ठिपक्यांचा मिळून एक अंक होतो. त्या मुलाचा ‘प’ असा आहे: २५५, ३४, ३४, ३४, ६२, २, २, ०. पहिला २५५ म्हणजे आठही ठिपके भरलेले, अर्थात शिरोरेघ. तीन वेळा ३४ म्हणजे डावीकडील उभी रेघ आणि उजवीकडील दंड. ६२ म्हणजे त्या दोहोंना जोडणारा तळ. दोन वेळा २ म्हणजे खाली उतरणारा दंड. आणि शेवटी खालच्या ओळीशी अंतर राहावे म्हणून शून्य. शिरोरेघ घराच्या पूर्ण रुंदीची काढल्यामुळे शेजारच्या घरातील अक्षराची शिरोरेघ तिला आपोआप जुळते आणि शब्द अखंड दिसतो. इंग्रजी अक्षरांत शेजाऱ्याला स्पर्श होऊ नये म्हणून कडेला जागा सोडतात. मुलाने तो नियम मोडला तो आपल्या लिपीच्या स्वभावाला अनुसरून.

खरी अडचण वेलांटीची. शिरोरेघ घराच्या माथ्यावरच असल्यामुळे तिच्या वर वेलांटीला जागा उरत नाही. शिरोरेघ खाली घ्यावी, तर अक्षराच्या अंगाला पाच-सहा ओळीच राहतात आणि ‘व’ व ‘त’ ओळखू येत नाहीत. मुलाने शब्दाला दोन ओळी दिल्या: खालच्या ओळीत अक्षरे, वरच्या ओळीत केवळ वेलांटीची कमान, आणि ती दोन घरांत विभागलेली, डावा अर्धा ‘त’च्या माथ्यावर, उजवा अर्धा पुढच्या दंडावर. वेलांटीचा दंड आणि ‘पा’चा काना यांची आकृती एकच असल्यामुळे ते घर दोनदा वापरले. अशा रीतीने ‘पावती’ हा शब्द एकविसांपैकी सहा घरांत पुरा झाला आणि पंधरा घरे पुढच्या शब्दांसाठी शिल्लक राहिली. पुण्यात सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि भारतीय लिप्यांसाठी तेथे पुढे मोठे कार्य झाले. परंतु त्याच सुमारास सांगलीतील एक पोरसवदा मुलगा देवनागरीच्या मांडणीतील मूलभूत प्रश्नाशी स्वतंत्रपणे झुंजत होता आणि काटकसरीने तो सोडवीत होता, याचा पुरावा जर त्या फितीवर नसता तर तो कोठेही नसता.

कोणाचे काय वाचले

स्पेक्ट्रमच्या व्यापाराचे सर्व हक्क एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने पन्नास लक्ष पौंडांना विकत घेतले. यंत्राच्या पोटातील १६ किलोबाइटच्या कायम स्मृतीतील मजकूर हा त्या हक्कांचाच भाग असल्यामुळे, इम्युलेटरबरोबर तो वाटावयाचा तर मालकाची अनुज्ञा आवश्यक होती. ती कंपनीने १९९९ मध्ये जाहीरपणे दिली, आणि इम्युलेटर वापरणे निर्वेध झाले. ही अनुज्ञा फार महत्त्वाची आहे, असे मी मानतो. कारण यंत्राचा धंदा बुडाल्यावर त्याच्या आठवणीवर कुलूप घालून बसणारे मालकच अधिक आढळतात. परदेशांतील हौशी लोकांनी त्यानंतर हजारो खेळ, नियतकालिके, जाहिराती, कॅसेटींची मुखपृष्ठेसुद्धा गोळा करून जतन केली आहेत.

आपल्याकडे जे वाचले ते बहुतांशी त्यांनी वाचविलेले. आपल्या मुलांनी शाळेच्या खोलीत आणि घराच्या माळ्यावर लिहिलेले प्रोग्रॅम, पंचांगातील तिथी काढणारे, पाढे विचारणारे, पोत्यांचा हिशेब मांडणारे, हे दुसरे कोणी वाचविणार नाही. हाच मुलूख आहे, की जेथे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या शाळेतील नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील कागद उलगडले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड प्रसिद्ध केले; जेथे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात बसून जुने कागद आणि चित्रे जमविली. त्यांच्यासमोर रुमाल तरी होते आणि मोडी वाचणारे डोळे तरी होते. फितीवरील मजकूर उघड्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो मजकूर आहे असे कोणाला वाटत नाही, आणि घर झाडताना कॅसेटींचा डबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. साताऱ्याच्या सरांजवळ विद्यार्थ्यांच्या वह्या आहेत पण कॅसेटी नाहीत. त्या शाळेच्या निर्लेखनात गेल्या. वह्यांतील प्रोग्रॅम ते आता एकेक करून इम्युलेटरमध्ये पुन्हा टंकित करीत आहेत, विद्यार्थ्याने वहीत केलेल्या चुकांसकट.

स्पेक्ट्रमच्या संपूर्ण स्मृतीचे चित्र टिपून ठेवणारी एक फाइल ४९,१७९ बाइटांची होते. मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत अशा पन्नासएक फाइली सहज मावतील. जागेचा प्रश्न मुळीच नाही.

ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील त्यांच्यासाठी काका आणि बाई यांनी सांगितलेले येथे तपशिलाने देतो. कॅसेट प्रथम कोणत्याही टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवून पाहू नये. जुनी फीत एकदाच नीट वाजेल अशा अवस्थेत असू शकते, म्हणून पहिले वाजविणे हेच नोंदीचे वाजविणे असावे. हेड आणि रबरी चाक आधी स्वच्छ करून घ्यावे. बुरशी दिसत असेल तर फीत जाणत्याकडे न्यावी, उन्हात ठेवू नये. नोंद एकाच वाहिनीवर, पूर्ण दर्जाने करावी आणि आवाज ‘सुधारणारी’ कोणतीही सोय चालू ठेवू नये, कारण ती सोय ज्याला खरखर समजून पुसते तोच मजकूर असतो. दोन्ही बाजू शेवटपर्यंत नोंदवाव्यात. गाण्याच्या कॅसेटीच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या फितीवर प्रोग्रॅम साठविण्याची चाल सर्रास होती. आणि आवरणावर पेनाने, पेन्सिलीने जे काही लिहिलेले असेल, ते खोडाखोडीसह जसेच्या तसे उतरून घ्यावे.